पलटली का?

थोरलीला पाचवा महिना लागला आणि मला एका प्रश्नाची धास्ती बसली. "पलटली का वो?"

दळण घेऊन गेलं की गिरणीवर कोणीतरी विचारायचं. बाजारात ओळखीची बाई भेटली की आधी पिशवीतली वांगी बघायची, मग कडेवरची पोर, मग तोच प्रश्न. माहेरचा फोन आला की "जेवलीस का"च्या आधी "पलटली का". माझ्या जाऊबाईंचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा बावीस दिवसांनी लहान. तो केव्हाच पलटी मारून मोकळा झाला होता. त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, खाली टाळ्यांची रांग लागली. मीही टाळ्या टाकल्या. मग फोन उलटा ठेवला आणि चटईवर पडलेल्या आमच्या बाईसाहेबांकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघून हसत होत्या.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला चटईवर ठेवलं, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हात चित्रात येणार नाही अशा बेतानं तिच्या कमरेला हळूच ढकललं. ती पोळीसारखी उलटली. एक हात अंगाखाली अडकला, नाक चटईत गेलं आणि ती अशी किंचाळली, की सासूबाई न्हाणीतून ओरडल्या, "काय झालं वो?" व्हिडिओत शेवटी माझ्या बांगड्या स्पष्ट दिसत होत्या. तो मी पाठवला नाही, पुसून टाकला.

ती मात्र माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून शांत झाली. लेकरं आपल्याला फार लवकर माफ करतात. म्हणून आपल्या बऱ्याच चुका आपल्या लक्षातच राहत नाहीत.

तुम्ही ढकललं नसेल कदाचित. पण उश्या लावून बसवून फोटो काढला असेल. दोन्ही बगलांत धरून "बघा, उभी राहते" असं पाहुण्यांना दाखवलं असेल. डोसाच्या दिवशी रांगेत बसल्याबसल्या शेजारच्या मांडीवरच्या बाळाची मान कशी धरली आहे, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून नक्कीच बघितलं असेल. आपण काही वाईट मनानं बघत नाही. रात्रीतून चार वेळा उठलेली, सकाळपासून केस न विंचरलेली बाई आपलं सगळं बरोबर चाललंय ना, एवढंच ताडून बघत असते. आणि ताडून बघायला हाताशी दुसरं असतं काय? शेजारचं बाळच.

माझं तर आणखी वाईट. मी शाळेत शिकवते. तक्ता दिसला की सगळे रकाने भरून टाकायचे, ही सवय हाडात भिनलेली. त्यातून बाळंतपणाची रजा संपत आलेली. शाळेत हजर व्हायच्या आत पोरगी पलटली पाहिजे, असं जणू मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ज्या पोरीला वार कळत नाही, तिला मी मुदत दिली होती.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. मोबाईल आधीच बंद पडला होता. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी तिच्याशेजारी चटईवर आडवी झाले. खिडकीतून थोडा उजेड येत होता. तिनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि एखादी चिठ्ठी वाचावी तसा उलटसुलट करून बघितला. तेवढ्यात कुठूनसा डावा हात आला. दोघांची गाठ पडली, बोटं बोटांत गुंतली. ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी मिळून स्वतःचा पाय पकडला आणि अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत अंग एका कुशीवर कललं.

हे ती किती दिवसांपासून करत होती कोण जाणे. मी रोज तिच्याकडे बघत होते, पण बघत होते ते "पलटली नाही" एवढंच. पलटण्याची सगळी तयारी ती माझ्या डोळ्यांदेखत करत होती आणि ती मला दिसलीच नव्हती.

त्यानंतर मी जरा शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या आठशेवर निरोगी बाळांच्या हालचाली टिपल्या आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. आधाराशिवाय बसायला कोणी चौथ्या महिन्यातच सुरुवात केली, कोणाला नऊ महिने उलटून गेले. कोणी आठव्या महिन्यानंतर लगेच एकट्यानं चाललं, कोणी सतरा महिने पूर्ण झाल्यावर. आणि ही सगळी धडधाकट बाळं! शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणजे टप्पा ही एक तारीख नसते. पाच-सहा महिने उघडी असलेली खिडकी असते, कधी नऊ-दहा महिनेसुद्धा.

गंमत सांगू? त्या अभ्यासात सहा टप्पे मोजले होते. बसणं, धरून उभं राहणं, रांगणं, धरून चालणं, एकट्यानं उभं राहणं, एकट्यानं चालणं. त्यात पलटणं नव्हतंच. ज्या एका गोष्टीपायी माझी झोप उडाली होती, ती त्यांच्या यादीतच नव्हती.

सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "ते मोठ्या देशातल्या लेकरांचं असंन. आपली लेकरं आपल्या मापानं." मलाही आधी तसंच वाटायचं. पण बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी आपल्याच देशातली बाळं बघून विकास मोजायची पट्टी तयार केली होती. तिची सुधारित आवृत्ती १९९७ साली पुण्यातून निघाली. आणि कुठलीही पट्टी घ्या, क्रम तोच दिसतो. ताबा वरून खाली उतरत जातो. आधी मान, मग पाठ आणि कंबर, मग पाय. हाताचंही तसंच. आधी सगळा हात फेकला जातो, मग मूठ उघडते, मग नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमाराला अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत जमिनीवरचा मुरमुरा येतो. तारखा पुढंमागं होतात, क्रम सहसा फार बदलत नाही. म्हणून "कधी"पेक्षा "काय चाललंय आणि त्याच्या पुढचं काय येतंय" हे बघितलं, तर मन जरा थाऱ्यावर राहतं.

बोलण्याचंही तेच. आमचा चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे गल्लीत मराठी आहे, तेलुगू आहे, हिंदी तर आहेच, आणि थोरलीला मालीश करायला यायच्या त्या बाई गोंडीत गुणगुणायच्या. सातव्या महिन्यात पोरगी "अम्म अम्म" करायला लागली. मी म्हटलं, "आई म्हणते." नवरा म्हणाला, "मम्मम म्हणते, भूक लागली." शेजारच्या काकूंनी निकालच दिला, "अम्मा अंटोंदी!" म्हणजे पोर तेलुगू बोलली.

खरं म्हणजे ती काहीच म्हणत नव्हती. जीभ आणि ओठ चालवून बघत होती. त्या वयात "बाबाबा, दादादा" हे नुसतं आवाजाचं खेळणं असतं, अर्थ नंतर येतो. "घरात इतक्या भाषा म्हणून मूल उशिरा बोलतं" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नसतं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बाळाचं काही अडत नाही. अडतं ते कोणीच बोलत नसलं तर. आणि खरं सांगायचं तर दमलेल्या घरात हेच जास्त होतं. दूध पाजताना आपला एक हात बाळाखाली आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मीही केलंय. नवं बाळ साधारण वीतभर अंतरावरचंच नीट बघू शकतं, आणि मांडीवरून आपला चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर येतो. ते बघत राहतं, आणि आपण दुसरीकडेच बघत असतो.

सगळा वेळ द्या, असं मी म्हणणार नाही. कुणाकडे असतो? पण दिवसाकाठी एक पाजणं मोबाईलशिवाय करून बघा. ते "अंगू" म्हणालं की आपणही "अंगू" म्हणायचं, आणि मग गप्प बसून त्याची पाळी येऊ द्यायची. एवढ्यावरही ते खूश असतं.

हे सगळं थोरलीच्या वेळचं. ती साडेसहा महिन्यांची झाल्यावर पलटली, पुढं वेळेत चालली, आता अंगणात सायकल पाडते आणि माझ्यावरच ओरडते. म्हणून धाकट्याच्या वेळी मी अगदी निवांत होते. अनुभवी आई ना! कोणी "मान धरली का" विचारलं, की हसून सांगायचे, "धरेल हो. लेकरं आपल्या वेळेनं करतात."

आणि तिथंच माझी दुसरी चूक झाली.

धाकट्याचा पाळणा भिंतीला लागून होता. त्याच्या उजव्या हाताला दार. तो सतत दाराकडे बघायचा. मला कौतुक. "पोरगं माणसांचं भुकेलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतं." पाजताना एका बाजूला नीट प्यायचा, दुसऱ्या बाजूला कुरकुरायचा. मला वाटलं, त्या बाजूला दूध कमी असेल. डोक्याचा मागचा भाग उजवीकडे थोडा बसका दिसायला लागला, तर सासूबाईंनी मोहरीची उशी शिवून दिली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून मी कधी बघितल्या नाहीत.

त्या ठेवल्या आमच्या आशाताईंनी. तिसऱ्या महिन्याच्या भेटीला त्या आल्या, वजन घेतलं, कार्ड भरलं. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवलं, की ते कसं गोगलगाईसारखं आक्रसतं, बघितलंय ना? मग चहा निवेपर्यंत त्या नुसत्या पाळण्याशी बसल्या. बांगड्या उजवीकडे वाजवल्या, त्यानं बघितलं. डावीकडे वाजवल्या, त्यानं डोळे वळवले, पण मान आली नाही. पुन्हा वाजवल्या. डोळे आले, मान नाही.

"बाई, हा एकाच आंगाले काऊन पाहून रायला?"

मी म्हटलं, "दार तिकडे आहे ना."

त्या म्हणाल्या, "दार सोडा. दाखवून आणा."

चंद्रपूरला डॉक्टरांनी मान हलवून बघितली. मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडला होता. टॉर्टिकॉलिस म्हणतात त्याला. पोटात अवघडून राहिल्यानंही होतं म्हणे. "तुमचं काही चुकलेलं नाही, वेळेत आलात," असं ते दोनदा म्हणाले, तरी मी रिक्षात बसून रडलेच. थोरलीच्या वेळी नसलेल्या गोष्टीची काळजी केली आणि धाकट्याच्या वेळी असलेली गोष्ट हसण्यावारी नेली. दोन्ही वेळा मी बाळाऐवजी भलतीकडेच बघत होते. आधी जाऊबाईंच्या बाळाकडे, मग माझ्याच अनुभवाकडे.

उपाय फार अवघड नव्हता, चिकाटीचा होता. मानेचे दोन-तीन व्यायाम तिथल्या बाईंनी हाताला हात लावून शिकवले. मनानं मान ओढायची नाही, हेही बजावलं. मोहरीची उशी काढली, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागतच नाही. पाळण्याचं उशापायथं उलटं केलं, म्हणजे दार त्याच्या डाव्या हाताला आलं. खेळणं डावीकडे टांगलं. आणि जागा असताना दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं, पोटावर.

पोटावर ठेवलं की तो चिडायचा. तुमचंही चिडत असेल. मग मी त्याच्यासमोर तोंड करून जमिनीवर आडवी व्हायचे. आईचा चेहरा समोर आला, की तो दहा सेकंद जास्त डोकं उचलायचा. नुकतं दूध पाजलं असेल तर थोडं थांबावं. आणि झोपवताना मात्र पाठीवरच.

आशाताई गेल्यावर एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. त्यांच्या त्या ठरलेल्या भेटी आहेत ना, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, दवाखान्यातल्या बाळंतपणाला तिसऱ्या दिवसापासून सहा आणि घरातल्याला पहिल्या दिवसापासून सात, त्यांचं मूळ आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात गावातल्याच शिकलेल्या बायांना नवजात बाळ बघायला, वजन घ्यायला, त्याला ऊब द्यायला, आजार ओळखायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं. सुरुवातीला तिथं हजार बाळांमागं साठाहून जास्त बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. काही वर्षांत ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढं साऱ्या देशानं ती पद्धत उचलली. आता तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनीही आशाताई येतात.

हे मी रात्री भाकरी करताना सासूबाईंना सांगत होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "माया पयला दहा दिवसांचा होऊन गेला."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मला हे माहीत नव्हतं.

त्या माणिकगडच्या डोंगराकडच्या एका गावच्या. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्याला पूर. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी बारसं झालं तरी कोणी निर्धास्त नसायचं. लेकरू पलटलं, की मग बाया म्हणायच्या, आता हे आपलं झालं. "पलटलं म्हणजे रायलं," असं त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला तो प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला. गिरणीवरची म्हातारी, बाजारातली बाई, माझी आई, या सगळ्या "पलटली का" विचारत होत्या, तेव्हा त्यांना माझ्या पोरीचा नंबर काढायचा नव्हता. त्यांच्या तोंडी एक जुनी भीती होती. लेकरू टिकलं ना, एवढंच त्या विचारत होत्या. मी त्याची परीक्षा करून टाकली होती.

तेव्हापासून धाकट्याचं कोणी विचारलं की मी चिडायचे नाही. "पलटला का" म्हटलं, की "अजून नाही हो, पण पाय पकडतो, हाक मारली की वळून बघतो" असं सांगायचे. विचारणाऱ्या बाईचं समाधान व्हायचं, आणि सांगता सांगता माझीही उजळणी व्हायची. तुम्हीही करून बघा. आज काय करत नाही याच्या जोडीला आज काय करतंय हेही सांगायचं. चार दिवस सांगण्यासारखं नवं काहीच सापडलं नाही, तर तेही आपल्याच ध्यानात येतं.

आता थोडं काळजीचं. लपवून उपयोग नाही.

तीन महिने झाले तरी बाळ तुमच्या हसण्याला हसून उत्तर देत नाही, नजरेला नजर देत नाही. चार-पाच महिन्यांनंतरही मान लटपटते. मुठी सतत आवळलेल्याच राहतात, अंग ताठ लागतं किंवा अगदी ढिलं. सहा महिने झाले तरी समोरच्या वस्तूकडे हात जात नाही. नऊ महिने उलटून गेले तरी आधाराशिवाय बसत नाही किंवा "बाबाबा, दादादा" असं काही करत नाही. सगळं एकाच हातानं, एकाच बाजूनं करतं. "आमचं बाळ डावखुरं" म्हणून पहिल्या वर्षात खूश होऊ नका, ते एवढ्या लवकर ठरत नसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी येत होतं ते करायचं सोडून दिलं. यातलं काही दिसलं, तर पुढच्या डोसाची वाट न बघता दाखवून घ्या. "यांच्या घरात सगळेच उशिरा चालले" हे वाक्य दवाखान्यातून आल्यावर म्हणायचं, जायच्या आधी नाही. नऊ वेळा तुम्ही हसत परत याल. दहाव्या वेळी लवकर गेल्याचं समाधान असेल.

ऐकण्याचंही सांगते. आमच्याकडे दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडकीच्या काचा थरथरतात. तान्हं बाळ दोन्ही हात पसरून दचकतं आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ घेतं. हे दचकणं पहिल्या महिन्यांत अगदी नैसर्गिक, चौथ्या ते सहाव्या महिन्यात आपोआप ओसरतं. पण ब्लास्टिंगला दचकलं म्हणजे कान ठणठणीत, असं धरू नका. तेवढा हादरा पाळण्यालाही बसतो. त्याला दिसणार नाही असं मागं राहून हळू हाक मारा, वाटी-चमचा हलकेच वाजवा. शंका आली तर कानांची तपासणी करून घ्या.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल, तर वय मोजताना तेवढे दिवस वजा करायचे. आमच्या शाळेतल्या एका बाईंची नात दीड महिना आधी झाली. सहा महिने पूर्ण झाले तरी ती बसेना म्हणून घरात रडारड. ती खऱ्या हिशेबानं साडेचार महिन्यांचीच होती हो! डोस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची गाडी येते, तेव्हा बाळाला नक्की न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही पथकं. तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. ज्या लेकरांना पुढच्या मदतीची गरज असते, त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रं काढायची योजनाही त्यातच आहे. आणि बाळाच्या कार्डात वजनाच्या आलेखाजवळ बाळ काय काय करू लागतं त्याची चित्रं असतात. माझं कार्ड दोन वर्षं फक्त डोसाच्या शिक्क्यांसाठी उघडलं गेलं. चित्रांचं पान धाकट्याच्या वेळी पहिल्यांदा बघितलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं एक. पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा बाळाला खाली सोडायचं कधी, हा प्रश्नच असतो. आम्ही सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी फरशी निवाल्यावर ओली फडकी मारून चटई टाकायचो, कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशी. अंगात एक सुती झबलं, बस. आणि "घसा सुकला असंन" म्हणून कोणी चमचाभर पाणी पाजायला आलं, तर हात जोडून नको म्हणा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजायचं, आणि आईनं स्वतः तांब्याभर पाणी जवळ घेऊन बसायचं.

बाबांनो, तुम्हालाही दोन शब्द. माझा नवरा सास्तीच्या खाणीत. नाईट ड्युटी करून सकाळी यायचा आणि दारातच थांबायचा. अंगावर कोळशाची धूळ, आंघोळ झाल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, हा त्याचाच नियम. आंघोळ, नाश्ता होईपर्यंत डोळे मिटायला लागायचे. "मला तो ओळखतो तरी का?" असं एकदा त्यानं विचारलं, हसत, पण विचारलं. मी म्हटलं, "हात लावू नको, हाक तर मारशील?" मग तो रोज दारातूनच हाक मारायला लागला. "काय रे पाटीऽल!" तेवढंच.

आता दार पाळण्याच्या डाव्या हाताला होतं. चटईही आम्ही त्याच बेतानं टाकायचो.

धाकटा पाच महिन्यांचा झाला होता. पावसाळ्याचे दिवस, वर्धेला पाणी चढलेलं, बल्लारपूरचा रस्ता बंद. मी रात्रभर जागून सकाळी त्याच्याशेजारीच डोळे मिटले होते. दारातून हाक आली, "काय रे पाटीऽल!" अर्धवट झोपेत मला चटईवर काहीतरी सरकल्याचं जाणवलं. डोळे उघडले तर तो पोटावर होता. डाव्या कुशीवरून गेलेला, मान डावीकडे वळवून, डोकं उचलून दाराकडे बघत. हात अंगाखाली अडकला होता. त्याला आपला आपणच सोडवून घ्यायचा होता बहुतेक, म्हणून मी हात लावला नाही.

नवरा दारात तसाच उभा, काळ्या हातांनी. सासूबाई चहाची कपबशी घेऊन मागं थबकलेल्या.

कुणीच व्हिडिओ काढला नाही. तो दिवस मंगळवार होता की बुधवार, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.